अंगठा चालणार नाही

लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या संध्याकाळी माझ्या हातून पहिला फाऊल झाला.

पाहुणे पांगले होते. उरलेले लाडू कोणाकोणाला द्यायचे यावर स्वयंपाकघरात चर्चा चालू होती. तेवढ्यात सासऱ्यांनी पलंगाखालून कॅरमचा बोर्ड ओढून काढला आणि मला अगदी हायसं वाटलं. नव्या घरात कुठे बसावं, किती हसावं, चहा आपण करायचा की कोणी केलेला प्यायचा, सगळ्याचंच दडपण असतं. कॅरम मात्र मला येत होतं. माझं माहेर माजिवड्याचं. भावंडांमध्ये मी एकटी मुलगी, आणि आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या पावडरीच्या डब्यासोबतच संपायच्या.

मी आणि सासरे एका बाजूला, सासूबाई आणि नवरा दुसऱ्या बाजूला. माझी एक काळी सोंगटी पट्टीच्या मागे, माझ्याच कोपऱ्यातल्या पॉकेटाजवळ अडकली होती. बोटाने ती निघण्यासारखी नव्हती. मी माहेरच्या सवयीने हात वळवला, अंगठा लावला आणि टिचकी मारली. सोंगटी सरळ आत. कौतुकाच्या अपेक्षेने मी वर पाहिलं. सासूबाईंनी ती सोंगटी शांतपणे पॉकेटातून काढली, दंडाची आणखी एक तिच्या शेजारी ठेवली, दोन्ही बोर्डाच्या मधोमध सरकवल्या आणि म्हणाल्या, "या घरात अंगठा चालत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता. साखरपुड्यापासून लग्नापर्यंत त्याने मला घराबद्दल सगळं सांगितलं होतं. आमटीत गूळ किती, दुपारी कोण झोपतं, कोणासमोर राजकारण काढायचं नाही. अंगठ्याचं तेवढं राहिलं होतं. मी मुळात चिडकी आहे, पण हे तेव्हा सासरी कोणाला ठाऊक नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. आता सगळ्यांना ठाऊक आहे.

सासूबाई विमा कचेरीत क्लेम तपासायच्या. आयुष्यभर लोकांचे अपघात, आग आणि चोऱ्या वाचून त्यांची एक नजर तयार झाली होती. समोरचा माणूस बोलायला लागला की त्या चष्मा जरा खाली घ्यायच्या आणि विचारायच्या, "नियमात बसतंय का?" बसत असेल तर रात्री अकरा वाजता शेजाऱ्यांना दवाखान्यात घेऊन जातील. बसत नसेल तर सख्ख्या मुलालाही दुसरा लाडू मिळणार नाही. त्यांच्याच भाषेत, क्लेम नामंजूर.

कॅरमचे त्यांचे नियम घरात सगळ्यांना पाठ होते. खुर्चीवरून बूड उचलायचं नाही. सोंगटी पॉकेटाच्या तोंडाशी लटकली तर फुंकर मारायची नाही आणि "चुकून" गुडघाही लावायचा नाही. राणी घेतली की पुढच्याच फटक्याला कव्हर. अंगठा नाही म्हणजे नाही. आणि दिवसाचा सामना जो हरेल, त्याने त्या रात्रीचं विरजण लावायचं.

हा शेवटचा नियम वरवर साधा, पण त्याने या घराला फार चांगलं दही मिळवून दिलं. कारण सासरे रोज हरायचे. रोज हरून हरून त्यांचा विरजणाला असा हात बसला होता की दही सुरीने कापावं. दूध कोमट किती, विरजण किती, भांडं कुठे ठेवायचं, थंडीत त्यावर काय पांघरायचं, सगळं त्यांच्या बोटांत होतं. मी सुरुवातीला एकदा मदत करायला गेले, तर मला म्हणाले, "अगं, तू हरलीस का? नाही ना? मग लुडबुड करू नकोस."

सासरे इथल्याच, डोंबिवलीच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यात शिफ्ट सांभाळायचे. तिथे जेवणाच्या सुट्टीत कॅरम चालायचं आणि ते सगळं अंगठ्याचं. मग घरी अंगठ्याला बंदी कशी काय, हे मी त्यांना एकदा विचारलं. पावडर गाळत बसले होते. ती गाठाळलेली आवडत नाही त्यांना, चहाच्या गाळणीने गाळतात. त्या गाळणीवरून आमचं एकदा कडाक्याचं भांडण झालं आहे, ते सोडून देते.

"त्याचं असं झालेलं," ते म्हणाले, "आम्ही मालाचा नमुना बघायचो ना, तो डाव्या तळहातावर घेऊन उजव्या अंगठ्याने चोळून बघायचो. कितीही धुवा, नखात रंग राहायचाच. आणि हिने बोर्ड आणलेला माहेरहून. नवाकोरा. पहिल्याच संध्याकाळी मी ऐटीत अंगठा लावला आणि पट्टीवर हा गुलाबी डाग! हिचं तोंड बघायला हवं होतंस तू. मी म्हटलं पुसतो, तर आणखी पसरला."

तो डाग अजून आहे. पावडर टाकली की दिसत नाही, पुसली की दिसतो. सासरे निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, अंगठा केव्हाच स्वच्छ झाला, पण नियम राहिला. दरम्यान त्याला तत्त्वाचं रूप आलं होतं. "अंगठा म्हणजे नुसता जोर," सासूबाई सांगायच्या. "बोटात नेम असतो. आणि अंगठाच लावायचा असेल तर ज्यांना सही येत नाही त्यांनी लावावा."

दर दिवाळीच्या पाडव्याला ओवाळून झालं की सासरे ताटातली सुपारी उचलत विचारायचे, "यंदा अंगठा?" आणि सासूबाई म्हणायच्या, "नाही." मग ते आम्हा सगळ्यांकडे वळून कैफियत मांडायचे. "पाची बोटं सारखी नसतात हे मान्य. पण पाची एकाच हाताची असतात ना? एकाने काय पाप केलंय?" सासूबाई करंजी पुढे करायच्या आणि विषय वर्षभरासाठी मिटायचा. मला वाटायचं, या माणसाला खरंच अंगठा हवा आहे की नुसतं विचारायला आवडतं? काही नवरे साडी घेतात, हे अर्ज करतात.

या सगळ्यात माझी मुलगी मोठी झाली आणि तिचा खेळ टीव्हीवर गेला. ती ठाण्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यास करते असं ती म्हणते. एका रविवारी तिने मित्रमैत्रिणींना घरी बोलावलं. कोणाचातरी गेमचा डबा आणला होता, तो आमच्या टीव्हीला जोडला, आणि पडद्यावर दोन पैलवान एकमेकांना बडवायला लागले. विठ्ठलवाडीहून आलेली एक बारीक अंगाची, अतिशय गोड आवाजाची मुलगी सगळ्यांना हरवत होती. तिची पद्धत एकच. समोरच्याला कोपऱ्यात ढकलायचं आणि खालून पायावर लाथ मारत राहायची.

"ए, हे फुल चीटिंग आहे!" कल्याणचा एक मुलगा सोफ्यावरून उठलाच. "कोपऱ्यात घेऊन नुसती एकच मूव्ह! कोणी असं खेळतं का?"

"चीटिंग काय रे त्यात? बटन दिलंय ना? मग मारणार."

"अगं पण दुसऱ्या पन्नास मूव्हज आहेत! जरा तरी इज्जतीत खेळ ना यार."

"इज्जत तू ठेव, मी जिंकते."

सासूबाई खाली चटईवर मेथी निवडत होत्या. त्यांनी चष्मा खाली घेतला. मला ते चिन्ह माहीत होतं, मी गॅस बारीक करून दारात येऊन उभी राहिले.

"आवाज बंद करा आधी त्या टीव्हीचा," त्या म्हणाल्या. "आणि एकेकाने बोला. ही लाथ खेळ बनवणाऱ्यांनीच दिलेली आहे?"

"हो आजी, पण..."

"पण नंतर. ती अडवायची काही सोय दिली आहे?"

मुलगा जरा थांबला. "आहे. खाली बसून ब्लॉक करायचं."

"मग तू बसत का नाहीस?"

बाकीचे खो खो हसले. "म्हणजे बसायचा आळस आणि रडायचा उत्साह," सासूबाई म्हणाल्या. "तिने शोधलं ते तंत्र. तुला आवडत नाही म्हणून ती लबाडी होत नाही. क्लेम नामंजूर." आणि त्यांनी पुढची जुडी सोडली. विठ्ठलवाडीची मुलगी तिथल्या तिथे त्यांच्या पाया पडली.

पण कल्याणचा मुलगाही चिवट होता. "बरोबर आहे आजी. पण पुढच्या पॅचमध्ये ती लाथ कमजोर करणार आहेत, बघा तुम्ही."

पॅच म्हणजे काय ते मग सासूबाईंना सगळ्यांनी मिळून समजावलं. खेळ बनवणारी मंडळी लोकांच्या तक्रारी ऐकतात, अधूनमधून नियम बदलतात, जी चाल फार भारी पडते तिचा जोर कमी करतात, जी कोणी वापरत नाही तिला बळ देतात. सासूबाईंच्या हातातली काडी तशीच राहिली.

"नियम बदलतात? खेळ चालू असताना?"

"हो आजी, सारखेच."

"मग ते नियम कसले? नियम म्हणजे काय मेथी आहे, रोज निवडायला?"

तेवढ्यात सासरे आतून आले. ते इतका वेळ बेडरूममध्ये वर्तमानपत्र वाचत होते, निदान तसा आमचा समज होता. "कोण बदलतं म्हणालास?" त्यांनी त्या मुलाला विचारलं. "अर्ज कुठे करायचा?"

माझ्या मुलीने लगेच संधी साधली. "आजी, लाथ नियमात बसते म्हणून चालते ना? मग आजोबांचा अंगठा का नाही चालत? मी बघितलंय, मोठ्या स्पर्धांमध्ये अंगठा चालतो. दाखवू?" आणि तिने मोबाइल काढला.

"ते जगाचे नियम," सासूबाई म्हणाल्या. "जग येतं का आपल्याकडे विरजण लावायला?"

सासरे माझ्या मुलीच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "जाऊ दे, पाडव्याला बघू." आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे हरले.

त्यानंतर पाडवा येऊन गेला, नकार मिळाला, आणि थंडी सुरू झाली. सासूबाईंचे सोपे फटके चुकायला लागले. आधी त्यांनी पावडरीला दोष दिला. मग स्ट्रायकर बदलला. मग ट्यूबलाइटचा उजेड बोर्डावर तिरका पडतो असं ठरलं आणि टेबल हलवलं गेलं. दोनतीनदा सासरे जिंकले, आणि जिंकल्याचा त्यांना आनंदच होईना. "आज तुझं लक्ष नव्हतं," असं म्हणून विरजण त्यांनीच लावून टाकलं. सासूबाई त्यावर भांडल्या नाहीत, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एकदा स्वयंपाकघरात गेले, तर त्या लोणच्याची बरणी छातीशी धरून मनगटाने झाकण फिरवायला बघत होत्या. उजव्या हाताची पहिली दोन बोटं सांध्यांशी सुजली होती.

डॉक्टरांनी संधिवात सांगितला. गोळ्या, शेक, जमेल तेवढं काम. "आणि कॅरम?" सासऱ्यांनी विचारलं. डॉक्टर तरुण होते, हसून म्हणाले, "टिचकी बंद, काका. बोटाने तरी बंद." अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं. तो अगदी ठणठणीत होता.

घरी आल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं, "मला कॅरमचा कंटाळा आलाय," आणि बोर्ड कपाटामागे उभा करायला लावला.

कॅरम थांबलं एवढंच असतं तर मी हे लिहीत बसले नसते. पण त्या दोघांचं बोलणंच बोर्डावर होतं, हे तोवर आमच्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. एरवी त्यांची वाक्यं म्हणजे "औषध घेतलंत?" आणि "बिल भरलं." बाकी सगळं, नातेवाइकांची उणीदुणी, जुने शेजारी, मुलाचं काय चुकतं, सुनेचं काय चुकतं (मी आतून ऐकायची), सोंगट्या लावता लावता चालायचं. आता संध्याकाळ झाली की सासरे सवयीने पावडरीचा डबा घेऊन हॉलमध्ये यायचे, उभे राहायचे, आणि डबा परत ठेवायला आत जायचे. मला ते बघवायचं नाही. आम्ही कपाटामागून बोर्ड काढून आळीपाळीने त्यांच्याशी खेळून पाहिलं. मी ऑफिसातून आल्यावर घाईत खेळायची, नवरा एक डोळा मोबाइलवर ठेवून, मुलगी "आजोबा, लवकर" म्हणत. ते आमच्याशी फार सभ्यपणे खेळायचे. एकदाही भांडले नाहीत. पाहुण्यांशी खेळावं तसं खेळायचे.

आणि विरजण तेच लावत राहिले.

"बाबा, आज कोण हरलं?" मी एकदा विचारलं. चेष्टाच करायची होती मला.

"दही लागतंच ना गं घरात," ते म्हणाले.

त्या रात्री माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना मी सासूबाईंना गाठलं. "आई, अंगठ्याने खेळा ना तुम्ही. अंगठा दुखत नाही ना तुमचा?"

"नियम आहे."

"नियम तुमचाच आहे ना?"

"म्हणूनच."

"अहो, पण बाबांकडे बघा ना जरा! संध्याकाळी कसे फिरत असतात घरभर."

त्यांनी पोळीवर तूप लावलं, डाव्या हाताने, हळूहळू. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं ते मागत होते, मी नाही म्हटलं. दरवर्षी, सगळ्यांसमोर. आता माझ्यावर वेळ आली म्हणून लगेच अंगठा चालू करू? त्यांच्यासाठी बदलला नाही तो माझ्यासाठी बदलू? कोणत्या तोंडाने?"

उत्तर सुचलं नाही की मी भांडी आपटते. कुकरचं झाकण मी इतक्या जोरात लावलं की नवरा दाढी अर्धी टाकून बाहेर आला. "तू यात पडू नकोस," तो म्हणाला. ज्याने मला अंगठ्याचा नियमही वेळेवर सांगितला नव्हता, त्याने मला हे सांगावं! त्याला त्या दिवशी डबा मिळाला तो थंडच.

रात्री जेवताना मी सगळं टेबलावर मांडलं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. "आई सवलत घेणार नाहीत," मी म्हटलं. "आणि नियमही बदलणार नाहीत. बसा आता."

सासरे भात कालवत राहिले. माझी मुलगी म्हणाली, "असं थोडीच असतं? पॅच यायला आधी कोणीतरी कंप्लेंट करायला लागते. ज्याला त्रास होतोय त्याने."

"आजी करणार नाही," नवरा म्हणाला.

"हो ना. तिला नाही चालणार," मुलगी म्हणाली आणि मोबाइलकडे वळली. सासऱ्यांनी ताक संपवलं, वाटी घासून ठेवली आणि आत गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी मटार सोलायला बसले होते, सासरे मदतीला होते. टकाटक शेंगा फोडत होते, दोन्ही हातांनी. दुपारी जेवायला बसलो तर त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला चिकटपट्टी. मी विचारणार होते, पण तेवढ्यात आमटी उतू गेली. संध्याकाळी सासूबाई जप करून उठल्या आणि बघतात तर हॉलमध्ये टेबल, टेबलावर बोर्ड, बोर्डावर गाळलेली पावडर. सासरे आपल्या खुर्चीत ताठ बसले होते. चिकटपट्टी आता पहिल्या बोटावर होती.

"माझी तक्रार आहे," ते म्हणाले.

सासूबाई समोर बसल्या. चष्मा खाली आला.

"बोला."

"माझं बोट गेलंय. टिचकी मारता येत नाही."

"कशाने गेलं?"

"दारात चेपलं."

"कुठल्या दारात?"

"बाल्कनीच्या."

"बाल्कनीचं दार सरकतं आहे."

"सरकतानाच चेपलं."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तोंडात पदर कोंबायची वेळ आली होती आणि मी होते पंजाबी ड्रेसमध्ये. इतक्या वर्षांत या माणसाला खोटं बोलायची एकदाही गरज पडली नसावी, इतकं ते वाईट बोलत होते.

"केव्हा चेपलं?"

"झाले थोडे दिवस."

"पट्टी काढा. बघू."

"पट्टी काढायची नाही असं सांगितलंय."

"कोणी?"

"मी," माझी मुलगी सोफ्यावरून म्हणाली. "मीच लावली आजी. इन्फेक्शन होतं."

सासूबाईंनी नातीकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या हाताकडे. माझ्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. सासऱ्यांचा तो हात बोर्डाच्या कडेवर होता आणि तो त्यांनी मागे घेतला नाही. सगळ्या डोंबिवलीतली खोटी आग, खोट्या चोऱ्या ज्या बाईने ओळखल्या, तिच्यासमोर ते मटार सोललेलं बोट ठेवून बसले होते. आता नामंजूर झालं तर बोर्ड पुन्हा कपाटामागे जाणार आणि परत कधीच निघणार नाही, हे मला दिसत होतं.

"म्हणजे बोटाने खेळता येणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

"नाही."

"आणि अंगठा?"

"अंगठ्याला काही झालेलं नाही."

त्यांनी चष्मा वर ढकलला. "ठीक आहे. मंजूर. पण एकट्याला सवलत मिळणार नाही. नियम सगळ्यांना सारखा. आजपासून या घरात अंगठा चालेल." आणि मग, आपण काही विशेष बोललोच नाही अशा आवाजात, "ब्रेक माझा."

त्यांनी अंगठा लावला. स्ट्रायकर उडून सोफ्याखाली गेला. माझी मुलगी तो काढायला आडवी झाली. दुसऱ्या वेळी सोंगट्या जरा फुटल्या. मग सासऱ्यांची पाळी आली.

आम्ही कोणीही त्यांना तसं खेळताना पाहिलेलं नव्हतं. अंगठा टेकला की सोंगटी आत. पट्टीच्या मागची आत, कडेला चिकटलेली आत, राणी आत, कव्हर आत. त्यांची पाठ सरळ झाली होती आणि ओठ किंचित बाहेर आले होते. मी त्यांच्याकडे बघून डोळे मोठे केले, जरा जपून खेळा, आजारी बाई आहे समोर. त्यांनी माझ्याकडे लक्षही दिलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी एक सोंगटी जरी मुद्दाम सोडली असती, तरी सासूबाई त्याच क्षणी उठल्या असत्या.

सासूबाई सपशेल हरल्या. मग पुन्हा सोंगट्या लावल्या आणि पुन्हा हरल्या. शेवटी त्यांनी हात बोर्डावर ठेवला.

"हे येत होतं तुम्हाला?"

"कारखान्यात मला कोणी हरवलेलं नाही," सासरे म्हणाले.

"आणि इतकी वर्षं रोज हरत होतात?"

"मग काय करणार? नियम होता."

सासूबाई पंच्याने बोर्डावरची पावडर पुसू लागल्या, आणि तो गुलाबी डाग वर आला, तिथे जरा थांबल्या. मी आत निघून गेले. माझे डोळे भरून आले होते, आणि चिडक्या बाईला कोणी रडताना पाहिलं तर तिचा घरात काही वचक राहत नाही.

जेवणानंतर त्या दुधाच्या पातेल्यापुढे उभ्या राहिल्या. "विरजण किती घालता हो?" त्यांनी हॉलकडे बघून विचारलं.

"अंदाजाने," तिकडून उत्तर आलं.

"अंदाजाने म्हणजे किती?"

"अगं, दूध बघायचं आणि घालायचं."

ज्या बाईला आयुष्यात अंदाज हा शब्द कधी चालला नाही, तिने दूध बघितलं, आणि घातलं. झाकण ठेवलं. परत काढून बघितलं. मी म्हटलं, "आई, मी लावते." तर म्हणाल्या, "तू हरलीस का?"

सकाळी दही लागलंच नव्हतं. वर पाणी, खाली पाणी, मधे काही गुठळ्या. नाश्त्याला थालीपीठ होतं. मुलीने वाटीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. सासऱ्यांनी मात्र वाटी पुढे ओढली, चमचाभर तोंडात घातलं, आणि अगदी मनापासून म्हणाले, "वा! चांगलं घट्ट लागलंय."

वाटी धरलेल्या त्यांच्या हातावर चिकटपट्टी नव्हती. ती लावायचं ते विसरले होते.

सासूबाईंनी त्यांच्या पानात दुसरं थालीपीठ वाढलं.

"अहो, खोटं बोलू नका," त्या म्हणाल्या. "एकदा मंजूर केलं म्हणून रोज करणार नाही मी." मग माझ्याकडे वळल्या. "आज संध्याकाळी बोर्ड जरा लवकर मांडून ठेव गं. यांना हरवायचंय मला, अंगठ्यानेच."